शब्दचर्चा: ‘स्किल’ म्हणजे कौशल्य, कसब की आणखी काही?

भाषांतरकार:
एका अहवालाचा मराठी सारांश करते आहे. विषय विकसनशील देशांतले उच्च शिक्षण आणि तिथल्या वर्कफोर्सची स्किल्स. शीर्षकातच अडकले. ‘उच्च शिक्षण व मनुष्यबळाच्या कौशल्यांची सुधारणा’ असे लिहून पाहिले, तर कोणाची तरी सुधारगृहात रवानगी केल्यासारखे वाटते. शिवाय मनुष्यबळ, कार्यबल, श्रमबल, श्रमशक्ती हे चारही शब्द वेगवेगळ्या कागदांत सापडले. ते समानार्थी आहेत का? आणि ‘कौशल्ये’ हे अनेकवचन तुमच्या कानाला खटकते, की मलाच?

आकडेमोड्या:
समानार्थी नाहीत, आणि इथे घोळ झाला तर आकडे चुकीचे वाचले जातात. श्रमबल म्हणजे लेबर फोर्स: काम करणारे आणि काम शोधणारे, दोघे मिळून. कार्यबल म्हणजे प्रत्यक्ष कामावर असलेले. बेकार माणूस श्रमबलात असतो, कार्यबलात नसतो. पूर्णवेळ शिकणारी आणि नोकरी न शोधणारी मुलगी दोन्हींत नसते. शोधून शोधून कंटाळलेला आणि आता शोधणेच सोडलेला माणूसही दोन्हींतून बाहेर पडतो, त्यामुळे बेकारीचा दर कागदावर कमी दिसू शकतो.

तुमच्या विषयात हे हमखास आडवे येणार. महाविद्यालयांत जाणारी मुले वाढली की तरुणांचा श्रमबलातला वाटा घटतो. मथळा वाचणाऱ्याला वाटते, देशाचे काहीतरी बिघडले. खरे तर ती मुले वर्गात बसलेली असतात.

‘मनुष्यबळ’ हा संख्याशास्त्राचा शब्दच नाही. ज्याला माणसे कमी पडतात त्याच्या तोंडचा तो शब्द आहे. त्याला तिथेच राहू द्या.

जुना मास्तर:
अनेकवचन मलाही खटकते, आणि त्याला कारण आहे. मराठीत कौशल्य अंगी असते, येते, मुरते. हात बसतो. गोष्ट माणसापासून वेगळी काढून मोजता येत नाही, म्हणून तिचे अनेकवचन करायची गरज पडली नव्हती. अहवालांतले स्किल मात्र सुटे असते. ते ‘दिले’ जाते, ‘पुरवले’ जाते, बाजारात त्याचा ‘तुटवडा’ होतो. आपण शब्द जुना ठेवला आणि क्रियापदे दुसऱ्याची लावली, खडा लागतो तो तिथे.

‘कुशल’ची पारंपरिक व्युत्पत्ती आठवा: कुश तोडून आणणारा. दर्भाचे पाते धारदार असते, हात कापू न देता ते आणणारा तो कुशल. भाषाशास्त्र हे मान्य करेलच असे नाही, पण संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने रूढ लक्षणेचे (मूळ अर्थ सुटून रूढीने दुसरा अर्थ पक्का होणे) उदाहरण म्हणून ‘कर्मणि कुशलः’, म्हणजे ‘कामात कुशल’, हेच घेतले आहे, म्हणजे त्याच्या काळीच मूळ अर्थ विसरला गेला होता. त्या कल्पनेत बोट कापण्याचा धोका आहे, म्हणजे सराव आहे. सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्राला ‘कौशल्य’ म्हणताना हा धोका पार निघून जातो.

‘कसब’ मला जास्त जवळचा. अरबीत त्याचा अर्थच कमावणे. हात आणि पोट एकाच शब्दात. पण ‘कसबी’, ‘कसबीण’ या शब्दांना मराठीत जो वास चिकटला, त्यामुळे शासकीय मजकुरात तो कोणी घेणार नाही. हुन्नरही तसाच, फारसीत कला, आपल्याकडे थोडी युक्ती, थोडी लबाडी. वाईट वाटते, पण इलाज नाही.

वाचक:
कौशल आणि कौशल्य यांत फरक आहे का? गीतेत तर ‘योगः कर्मसु कौशलम्’ आहे.

जुना मास्तर:
संस्कृतात दोन्ही चालतात. हिंदीने कौशल ठेवले, मराठीने कौशल्य. हिंदी मजकुरावरून अनुवाद झाला की ‘कौशल विकास’ मराठीत तसाच घुसतो, एवढेच.

आकडेमोड्या:
‘अकुशल’बद्दलही बोलू या, कारण ‘अनस्किल्ड’चे भाषांतर आपण डोळे झाकून तसे करतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्यवसाय-वर्गीकरणात (२००८ ची आवृत्ती) दहा मोठे गट आणि चार कौशल्यस्तर आहेत. सर्वांत खालच्या स्तराच्या गटाचे नाव ‘एलिमेंटरी’ व्यवसाय असे आहे. ‘अनस्किल्ड’ हा शब्द त्या नावात नाही. ओझी उचलणारा, झाडलोट करणारा यांना काहीच येत नाही असे तिथे गृहीत नाही, काम साधे आणि एकसुरी आहे एवढेच म्हटले आहे. स्तर ठरतो तो कामाच्या स्वरूपावरून, त्यासाठी लागणाऱ्या औपचारिक शिक्षणावरून आणि कामावर मिळणाऱ्या अनुभवावरून. म्हणजे विशेषण कामाचे आहे, आपण ते माणसाला लावले. पालीत तर ‘अकुसल’ म्हणजे पापकर्म!

भाषांतरकार:
अहवालात काही ठिकाणी ‘टर्शरी’ आहे, काही ठिकाणी ‘हायर’. दोन्हीला उच्च शिक्षणच लिहिले. चालेल?

ग्रंथपाल:
नको. युनेस्कोच्या २०११ च्या वर्गीकरणात टर्शरी म्हणजे स्तर ५ ते ८. पाचवा म्हणजे अल्पमुदतीचे, बहुधा व्यवसायाशी जोडलेले अभ्यासक्रम. सहावा पदवी, सातवा पदव्युत्तर, आठवा संशोधन. ‘उच्च शिक्षण’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे सहापासून वरचेच येते आणि पाचवा स्तर गळतो. कामावरच्या कौशल्यांबद्दलच्या अहवालात तो गळणे म्हणजे आत्माच गळणे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्ट ४.३ मध्ये तांत्रिक, व्यावसायिक आणि टर्शरी शिक्षण, ‘विद्यापीठासह’, असे मुद्दाम लिहिले आहे. ‘शालेयोत्तर शिक्षण’ लिहा. नीट कळते.

दुसरे, ‘उच्च’मध्ये उंची आहे. १९७३ मध्ये समाजशास्त्रज्ञ मार्टिन ट्रोने उच्च शिक्षणाच्या प्रसाराचे तीन टप्पे मांडले: त्या वयोगटातले १५ टक्क्यांपर्यंत शिकतात तोवर शिक्षण मोजक्यांचे, १५ ते ५० टक्के असतील तर समूहाचे, त्यापुढे सार्वत्रिक. आपला शब्द पहिल्या टप्प्यात घडलेला. बरेच देश दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात गेले, शब्द मात्र उंचावरच बसून आहे. (एक सावधगिरी: स्थूल पटनोंदणी गुणोत्तरात, म्हणजे त्या वयोगटाच्या लोकसंख्येशी एकूण विद्यार्थ्यांच्या प्रमाणात, त्या वयाबाहेरचे विद्यार्थीही मोजतात, म्हणून ते १०० च्या वर जाऊ शकते. ‘१०३ टक्के मुले शिकतात’ असे वाक्य छापू नका, मी छापलेले पाहिले आहे.)

वाचक:
‘ह्यूमन कॅपिटल’चे काय करता? मानवी भांडवल वाचून अंगावर काटा येतो.

ग्रंथपाल:
ते ज्यांनी रूढ केले त्यांनाही ही अडचण ठाऊक होती. अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या १९६० च्या अध्यक्षीय भाषणात आधी हेच सांगितले होते, की माणसाकडे गुंतवणूक म्हणून पाहणे अनेकांना गैर वाटते, त्यात गुलामगिरीची आठवण आहे. म्हणून मी ‘मानवी भांडवल’ तसेच ठेवीन. काटा मूळ शब्दातही आहे, तो अनुवादात बोथट का करायचा? ‘मानव संसाधन’ तेच सांगते, पण गोड बोलून.

जुना मास्तर:
एक गंमत सांगायची राहिली. स्नातक म्हणजे शिक्षण संपवून समारोपाचे स्नान केलेला. निष्णात म्हणजे विषयात खोल बुडालेला. दोन्ही शब्द एकाच ‘स्ना’ धातूचे. तुमच्या अहवालाचे सगळे दुखणे, स्नातक आहेत पण निष्णात नाहीत, हे त्या धातूतच मावले आहे. आणि ‘पदवी’ हा शब्द मुळात वाट, पाऊलखूण या अर्थाचा. आपण तिला मुक्काम करून टाकले.

भाषांतरकार:
हे मी टीपेत घालणार, संपादकांनी काढले तरी. शीर्षक सध्या असे आहे: ‘विकसनशील देशांत शालेयोत्तर शिक्षण आणि कामकऱ्यांची तयारी कशी वाढेल’. ‘कौशल्ये’ शीर्षकातून काढली, आत जिथे मोजमाप आहे तिथे ठेवली. ‘सुधारणा’ फक्त संस्थांची, माणसांची नाही.

वाचक:
‘विकसनशील’ पण बघा. शील म्हणजे स्वभाव. सहनशील माणूस जन्मभर सहन करतो, तसा हा देश जन्मभर विकसतच राहणार का? जागतिक बँकेने २०१६ मध्ये आपल्या विकास निर्देशकांतून विकसित-विकसनशील ही विभागणी काढून टाकली म्हणतात.

भाषांतरकार:
हो, काढली. पण मूळ मजकुरात तोच शब्द आहे, त्यामुळे मी बदलू शकत नाही. त्यावर वेगळा धागा काढा, मी येते.