सांध्याजवळचा बदल: आधी ऑपरेशन की आधी आरएनए तपासणी?

खानापूरची वहिनी: नणंदेला स्तनाचा कर्करोग झालाय. जनुक-तपासणीत बीआरसीए१ मध्ये (हे जनुक बिघडलं की स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो) एक बदल निघाला, एक्झॉनच्या, म्हणजे जनुकाच्या नकलेत शेवटी राहणाऱ्या तुकड्याच्या, सांध्याजवळ. रिपोर्टात शेरा 'अर्थ अनिश्चित'. घरातले निम्मे म्हणतात, दुसऱ्या बाजूचा स्तनही काढून मोकळं व्हा. माझं मत, आरएनए (जनुकाची पेशीत निघणारी नक्कल) तपासल्याशिवाय ऑपरेशनचं नाव काढू नये.

निपाणीकर: वहिनींशी सहमत. जनुकाची नक्कल निघाली की पेशी मधला भाग गाळून एक्झॉन जोडते, आणि एकाच जनुकाच्या जोडण्या वेगवेगळ्या निघतात. सी.५९४-२ए>सी हा याच जनुकातला दुसरा एक बदल घ्या. ऐन सांध्यावर, म्हणून घातकच धरला होता. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात भलतंच निघालं. दहावा एक्झॉन (७७ अक्षरं) एकटा गळाला तर तीन-तीन अक्षरांची चौकट (तीन अक्षरांमागे प्रथिनाचं एक अमिनो आम्ल) मोडते. सोबत नववाही (४६) गळाला तर १२३ जातात, चौकट शाबूत. प्रथिनात ४१ अमिनो आम्लं कमी, तरी काम चालतं. जनुकाच्या दोन प्रती असतात, आई-वडिलांकडून एकेक; बदल असलेल्या प्रतीच्या नकलांत अशा २०-३० टक्के असल्या तरी पुरतात. (तिथं त्याच प्रतीवर सोबत दुसराही बदल असतो. तेव्हा हाच न्याय आपल्या रिपोर्टाला लावू नका.)

टिळकवाडी: होय की, पण आरएनए काढणार रक्तातून. स्तनाच्या पेशीत जोडणी तशीच होते, याची हमी कोण देणार? शिवाय बिघडलेली नक्कल पेशी बऱ्याचदा स्वतःच नष्ट करते, मग तपासणीत ती दिसतच नाही. मुळात अनिश्चित बदलावरून स्तन काढू नये, असंच वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मग हा खर्च कशाला?

चिकोडीची सिस्टर: ऊसतोडीत गाठ हाताला लागते, "दुखत न्हाई न्हवं" म्हणत बाई हंगाम संपेपर्यंत थांबते. येते तेव्हा काखेत पसरलेलं. आनुवंशिक कर्करोग ५ ते १० टक्केच. बसा एक्झॉन मोजत!

खानापूरची वहिनी: सिस्टर, गाठ तपासायला कोण नको म्हणतंय? टिळकवाडीकर, खर्च नणंदेच्या मुलींसाठी. बदल अनिश्चित असेतोवर त्यांना तपासूनही काही सांगता येत नाही. मुलगाही आहे, त्याच्याकडूनही पुढं जाऊ शकतं. हे आमच्याकडं कुणाच्या गळी उतरत नाही.

टिळकवाडी: हे मान्य. पण मग नातेवाइकांचंही रक्त द्या. घरात ज्यांना आजार झाला त्यांच्यातच हा बदल आहे का, ते कळेल. नुसत्या आरएनएवर भागायचं नाही.

चिकोडीची सिस्टर: आणि समुपदेशक मराठीत बोलणारा बघा. नाहीतर तिकडून इंग्रजी, इकडून कन्नड, अन् मधे सासूबाई.