मदत हवी आहे: दुसरं ग्राफिक्स कार्ड लावलं की रेंडरला मशीन बंद

कातळवेडा (राजापूर):
एनव्हिडियाची दोन 3090 कार्डं लावलीत. एकेकटं कार्ड झकास चालतं. दोन्ही लावून रेंडर (मॉडेलवरून व्हिडिओचे फ्रेम काढणं) दिलं की पाचएक सेकंदांत खट्ट, सगळं बंद. निळा स्क्रीन नाही, एरर नाही. ड्रायव्हर तीनदा टाकले, विंडोजही नव्याने टाकलं. कशेळीच्या कातळशिल्पातल्या हत्तीचा दीड मिनिटाचा व्हिडिओ गणपतीच्या आत हवाय, चाकरमानी येतात तेव्हाच सगळा गाव एकत्र भेटतो. 2250 फ्रेम आहेत, एका कार्डावर वेळेत होत नाहीत. लवकर सांगा.

बिनतारी:
पॉवर सप्लाय किती वॅटचा? बोर्ड, प्रोसेसर, सॉफ्टवेअर? हे न सांगता कोण काय सांगणार?

हापूसवाला:
घरात भट्टी कशाला पेटवताय? ऑनलाइन रेंडर फार्मवर, म्हणजे भाड्याच्या मशीनांवर टाका. मी दोन वर्षं तेच करतोय.

कातळवेडा:
@हापूसवाला, ड्रोन फोटोंवरून बनवलेलं मॉडेल आहे, टेक्स्चरसकट (मॉडेलवर चढवलेल्या चित्रांसकट) 60 जीबी. पावसात इथलं नेट कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे.
@बिनतारी, सॉफ्टवेअर ब्लेंडर सायकल्स, प्रोसेसर रायझन 5900एक्स, बोर्ड बी550. सप्लाय 850 वॅटचा गोल्ड, चांगला आहे, त्याचा प्रश्न नाही.

थंडगार:
गरम होतंय. दोन कार्डं चिकटून बसली की वरचं खालच्याची गरम हवा ओढतं. त्यात आपल्याकडची दमट हवा. एसी लावा, केबिनेटची बाजू उघडी ठेवा.

बिनतारी:
पाच सेकंदांत चहाचं पाणीसुद्धा तापत नाही. आणि खाऱ्या वाऱ्यात बाजू उघडी ठेवायला सांगू नका, सहा महिन्यांत कनेक्टर हिरवे पडतात.
सप्लायचाच प्रश्न आहे. एक 3090 म्हणजे 350 वॅट, दोन म्हणजे 700. 5900एक्स पूर्ण जोरात 142 घेतो. वर पंखे, डिस्क, बोर्ड. 850 संपले. शिवाय 3090 क्षणभर 350च्या बरीच वर उसळी घेते, तेवढ्यात सप्लाय स्वतःला वाचवायला बंद होतो.

मालवणी_झिल:
मॉनिटर चालू रवता काय ता सांग आधी. तोय बंद पडलो तर यूपीएस, नायतर सप्लाय.

कातळवेडा:
मॉनिटर चालू राहतो, दोन्ही एकाच यूपीएसवर आहेत. मशीन मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय उठत नाही.

बिनतारी:
मग झालंच. एक विचारायचं राहिलं: कार्डाच्या 8 पिनांच्या दोन्ही जोडांना सप्लायपासून दोन वेगळ्या केबली आहेत, की एकाच केबलची दोन तोंडं?

कातळवेडा:
एकाच केबलची दोन तोंडं. दुसरं कार्ड जुनं घेतलंय, त्याच्या एका पिनेवर हिरवट डाग आहे.

बिनतारी:
डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, केबली वेगळ्या लावा. ॲडमिन कमांडमध्ये एनव्हिडिया-एसएमआय चालवून -पीएल 250 द्या, दोन्ही कार्डांना, म्हणजे प्रत्येक कार्ड 250 वॅटच्या वर जाणार नाही. वेग थोडाच कमी होईल.

ब्रिजवाला:
दोन कार्डं जोडणारा एनव्हीलिंक ब्रिज लावा, 48 जीबी मेमरी एकत्र मिळेल.

बिनतारी:
मशीन बंद पडण्याशी ब्रिजचा काय संबंध?

कातळवेडा:
संबंध आहे थोडा. एका कार्डावर टेक्स्चर 16केचं 8के, म्हणजे कमी बारकाव्याचं केलंय म्हणून चालतं. दोन कार्डांत 24 आणि 24 मिळून 48 होतील, मग 16के लावू, म्हणून तर दुसरं घेतलं.

बिनतारी:
हे आधी सांगायचं. ब्रिज नसेल तर बेरीज होत नाही, पूर्ण सीन प्रत्येक कार्डात वेगळा भरला जातो. 16केचा एक साधा टेक्स्चर-नकाशा (एक चित्र) मेमरीत उघडल्यावर 1 जीबी होतो, 8केचा पाव जीबी. तुमचे किती?

कातळवेडा:
30.

बिनतारी:
म्हणजे 30 जीबी, 24मध्ये मावत नाही. 16के फक्त कॅमेरा जवळ जातो तिथल्या सात-आठ तुकड्यांना ठेवा, बाकी 8के. खोदलेल्या रेघेची कड जवळूनच दिसते.

स्वस्तमस्त:
4070 घ्या, वीज कमी खाते, गेमिंगला मस्त.

वायरमन_चिपळूण:
मी वेगळंच विचारतो. केबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात का?

कातळवेडा:
येतात, पावसात जास्त. सगळ्यांकडेच येतात.

वायरमन_चिपळूण:
येऊ नयेत. घर सड्यावर, कातळाच्या पठारावर असेल तर कातळात रॉड ठोकून आर्थिंग लागत नाही. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावून बघा, दोन-तीन व्होल्टच्या वर नको.

थंडगार:
आर्थिंगने रेंडर बंद पडत नाही, विषय भरकटवू नका.

वायरमन_चिपळूण:
रेंडरचं नाही म्हणत. माणसाचं म्हणतोय.

कातळवेडा (दुसऱ्या दिवशी):
केबली वेगळ्या केल्या, पिन पुसली, 250ची मर्यादा घातली. रात्रभर चाललं, एकदाही बंद नाही. एका फ्रेमला सहा मिनिटं लागायची, आता साडेतीन. हत्तीच्या पोटातली छोटी जनावरं 16केमध्ये इतकी स्वच्छ दिसतात की आईला उठवून दाखवली. सप्लाय 1300चा घेतोय. बिनतारी, मनापासून आभार.
वायरमनदादा, मीटर 64 दाखवतो.

वायरमन_चिपळूण:
मी येईपर्यंत चप्पल घालून बसत जा. माडाच्या आळ्याजवळ ओली माती असते, तिथे खड्डा घेऊ, कोळसा-मीठ भरू. रविवारी लांज्याला काम आहे, तिथून येतो.