नाताळच्या उरलेल्या हॅमचे 31 डिसेंबरच्या पार्टीसाठी काय करता येईल?

विजयनगरवासी (इंदूर), 27 डिसेंबर
सर्व जाणकारांना नमस्कार. महूच्या आमच्या स्नेह्यांनी नाताळच्या जेवणात उरलेला सुमारे दीड किलो भाजलेला हॅम (डुकराच्या मांडीचे खारवलेले मांस) हाडासकट पाठवला आहे. तो 25 तारखेचा असून कालपासून आमच्या फ्रीजमध्ये आहे. घरात खाणारे आम्ही मोजकेच, आणि मुलांना सँडविचचा कंटाळा आला आहे. 31 तारखेला पंधराएक पाहुणे येतील, त्यांपैकी निम्मे शाकाहारी आहेत. कॅसरोल (ओव्हनमध्ये भांड्यातच भाजायचा पदार्थ) किंवा हातात घेऊन खाता येतील असे पदार्थ कोणी सुचवेल का? हॅम बराच खारट आहे आणि त्यावर साखर-मोहरीचा लेप आहे.

बडोदेकर
पाककृतीआधी साठवणीचे पाहावे. शिजवलेला हॅम फ्रीजमध्ये तीन-चार दिवसच चांगला राहतो, म्हणजे 31 तारखेपर्यंत तो तसाच ठेवणे योग्य नाही. आजच हाडापासून सोडवून, लागेल तेवढ्या वाटण्यांत पिशव्या भरून फ्रीझरमध्ये टाकावा. तिथे महिना-दोन महिने चव टिकते. वापरायच्या आदल्या रात्री पिशवी खाली फ्रीजमध्ये उतरवावी, ओट्यावर ठेवू नये. आपल्याकडे येण्यापूर्वी तो रात्रभर बाहेर राहिला नव्हता ना, एवढे स्नेह्यांना विचारून घ्यावे. राहिला असल्यास, थंडी कितीही असली तरी, तो टाकून द्यावा.

ओट्यापाशी (इंदूर)
आपला हॅम आधीच खारवलेला आणि शिजलेला आहे, त्यामुळे त्याच्या जोडीला बटाटा, मॅकरोनी, मका, दूध असे सौम्य जिन्नस घ्यावेत आणि मीठ सर्वांत शेवटी, चव पाहूनच घालावे. कॅसरोलसाठी 250 ग्रॅम मॅकरोनी पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटे कमी उकडावी. 50 ग्रॅम लोण्यावर तितकाच मैदा मंद आचेवर परतावा, पण त्याचा रंग बदलू देऊ नये. मग 750 मिली दूध थोडे थोडे घालत, गुठळ्या मोडत सॉस दाट करावा. आच बंद करून त्यात उकडलेली मॅकरोनी, मिरपूड, किंचित जायफळ, वाटीभर किसलेले चीज, या दिवसांतले कोवळे मटार आणि 250 ग्रॅम हॅमच्या लहान फोडी मिसळाव्यात. सॉसमध्ये हॅम उकळत ठेवला तर तो चिवट होतो. वर ब्रेडचा चुरा पसरून ओव्हनमध्ये 180 अंशांवर 25 ते 30 मिनिटे, कडेने बुडबुडे येईपर्यंत भाजावे. फोडी करताना वरचा गोड लेप काढून टाकावा आणि चरबीवर चिरलेल्या चौकटींत लवंगा खोचलेल्या असतील तर त्या एकेक करून उपटाव्यात. व्हाइट सॉसच्या घासात अख्खी लवंग दाताखाली आली की सगळी मजा जाते.

सुगरण_पलासिया
ताई, हातात घेऊन खायला बटाट्याचे कटलेट करावेत: उकडलेला बटाटा, बारीक चिरलेला हॅम, कांदा, कोथिंबीर आणि हिरवी मिरची. अननसाची फोड आणि परतलेला हॅम टूथपिकला टोचून ठेवला तरी पुरे होते. यात खारट-गोडाचा मेळ आपोआप जमतो. शाकाहारी पाहुण्यांसाठी मात्र निराळी कढई, निराळे तेल आणि निराळा चमचा हवाच. त्यांच्यासाठी मका-मटाराचे कॅसरोल वेगळ्या भांड्यात आधी भाजून घ्यावे आणि दोन्ही भांड्यांसमोर ठळक चिठ्ठ्या ठेवाव्यात. चीजखाली हॅम आहे की नाही, हे पाहून कळत नाही. खरे तर मला या पदार्थांत हॅम फार आवडत नाही, इंदूरच्या सराफा बाजारातला भुट्ट्याचा (मक्याचा) कीस त्याहून सरस; पण तो आपला प्रश्न नव्हे.

विजयनगरवासी (इंदूर)
मनःपूर्वक आभार. स्नेह्यांनी हॅम त्याच रात्री फ्रीजमध्ये ठेवला होता, त्यामुळे लगेच वाटण्या करते. कॅसरोल 30 तारखेला रचून ठेवले तर चालेल का? आणि हाडाचे काय करावे?

ओट्यापाशी (इंदूर)
चालेल. सॉस थोडा पातळ ठेवावा, कारण मॅकरोनी रात्रभरात बराच शोषून घेते. रचलेले भांडे झाकून फ्रीजमध्ये ठेवावे, ब्रेडचा चुरा भाजतेवेळीच घालावा आणि थंड भांड्याला दहा-पंधरा मिनिटे जास्त द्यावीत. मधोमध चमचा खुपसून आतूनही वाफ येते का, ते पाहावे. हाड मात्र सूपसाठी राखून ठेवावे आणि आजच पांढरे वाटाणे रात्रभर भिजत घालावेत. उद्या कांदा, गाजर, तमालपत्र आणि हाड घालून कुकरमध्ये वाटाणे गळेपर्यंत शिजवावेत, हाडाला चिकटलेले मांस सोडवून परत सूपमध्ये टाकावे आणि वर तरंगणारी चरबी पळीने काढून घ्यावी.