निवासी विभागणीच्या लॉइंक कोडखालचा आकडा नेमका कोणाचा?

दांडियाबाजार_विद्यार्थिनी

नमस्कार. मी वडोदऱ्यात आरोग्य-संख्याशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. प्रकल्पासाठी मला अमेरिकेतील एका शहरातील रुग्णांची, नावे आणि पत्ते काढून टाकलेली नोंद मिळाली आहे. तीत रक्तदाब आणि रक्तशर्करेच्या शेजारीच वांशिक निवासी विभागणीचा, म्हणजे वेगवेगळ्या वंशांचे लोक शहरात किती वेगळ्या वस्त्यांत राहतात याचा, एक स्तंभ असून त्यालाही लॉइंक कोड (तपासण्या व मोजमापांच्या नावांसाठीचा प्रमाणित कोड) दिलेला आहे. मात्र प्रत्येक रुग्णापुढे 0.58 हाच आकडा आहे. फाइल बिघडली असावी असे समजून मी ती दोनदा पुन्हा उतरवून घेतली, तरी आकडा तोच. हा आकडा त्या रुग्णाचा मानून रक्तदाबाशी त्याचा संबंध तपासता येईल का? आणि पुढे याच कोडाखाली वडोदऱ्याची आकडेमोड करता येईल का?

रावपुरा_कोडिंग

ताई, फाइल बिघडलेली नाही. लॉइंक ही पद्धत इंडियानापोलिसच्या रीगेनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटने 1994 मध्ये सुरू केली, ती मुळात प्रयोगशाळांच्या तपासण्यांची नावे सर्वत्र सारखी असावीत म्हणून. काय मोजले, कोणत्या गुणधर्माने, कोणत्या कालावधीत, कशात, कोणत्या प्रकारच्या मापावर आणि गरज असल्यास कोणत्या पद्धतीने, अशा सहा भागांतून प्रत्येक नाव बनते. म्हणजे कोड सांगतो तो प्रश्न. उत्तर त्याच्या शेजारच्या रकान्यात असते. पुढे सामाजिक परिस्थितीच्या मोजमापांनाही असेच कोड मिळाले, त्यामुळे रक्तशर्करा आणि शहराची वस्ती एकाच तक्त्यात शेजारी येऊन बसतात, आणि तुमच्यासारखा घोटाळा इथेच होतो. रक्तशर्करा रुग्णाच्या अंगात असते. विभागणी शहराच्या अंगात असते. शिवाय सगळ्यांपुढे एकच आकडा असल्यामुळे त्या स्तंभात चढउतारच नाही, तेव्हा रक्तदाबाशी संबंध काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्यासाठी अनेक शहरे घ्यावी लागतील आणि रुग्ण व शहर असे दोन स्तर वेगळे ठेवावे लागतील.

सयाजीगंज_निवृत्त

वरील उत्तर योग्यच आहे. पण त्या 0.58 मागे कोणता निर्देशांक आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. मॅसी आणि डेंटन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी 1988 मध्ये विभागणीचे पाच पैलू वेगळे केले: समान विखुरणी, परस्परसंपर्क, दाटी, शहराच्या मध्याशी जवळीक आणि वस्त्यांचे एकमेकींना लागून असणे. यांतल्या पहिल्यासाठी बहुधा डिसिमिलॅरिटी इंडेक्स, म्हणजे दोन गटांची विखुरणी किती वेगळी आहे हे सांगणारा आकडा, वापरतात.

कागदावर करून पाहा. एका चौकाभोवती क्रमाने चार वस्त्या आहेत, प्रत्येकीत 500 माणसे. एका गटाची 100, 200, 300, 400 आणि दुसऱ्याची 400, 300, 200, 100. प्रत्येक वस्तीत दोन्ही गटांच्या एकूण संख्येपैकी किती हिस्सा आहे ते काढून त्यांतला फरक घ्या: 0.3, 0.1, 0.1, 0.3. बेरीज 0.8, तिची निम्मी 0.40. म्हणजे एका गटातल्या 40 टक्के लोकांनी घर बदलले तरच दोन्ही गट सारखे विखुरतील. त्याच वस्त्यांवर पहिल्या गटाचा आयसोलेशन इंडेक्स काढला तर तो 0.60 येतो, कारण तो विचारतो की या गटातल्या माणसाला आपल्या वस्तीत आपल्याच गटाची माणसे किती भेटतात. शहर तेच, माणसे तीच.

याहून महत्त्वाचे पुढे आहे. चौकात शेजारी येणाऱ्या पहिल्या व चौथ्या वस्तीचा एक विभाग करा, दुसऱ्या व तिसऱ्याचा दुसरा. दोन्ही विभागांत आता 500 आणि 500 माणसे, आणि डिसिमिलॅरिटी इंडेक्स थेट शून्य! एकही माणूस हललेला नाही. आपल्याकडच्या पोळात, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट वस्तीत, मोठ्या दारापुढे एक समाज आणि मागच्या गल्लीत दुसरा असतो, पण दोन्ही एकाच वॉर्डात मोजले गेले की कागदावर सगळे मिसळलेले दिसतात. म्हणून कोणते दोन गट, कोणत्या वर्षीची जनगणना आणि भौगोलिक एकक केवढे, या तीन गोष्टी आकड्यासोबत लिहिलेल्या नसतील तर दोन शहरांची तुलना मी तरी मान्य करणार नाही. अमेरिकेत बहुधा सेन्सस ट्रॅक्ट हा जनगणनेचा छोटा विभाग वापरतात, त्यात साधारण 4,000 लोक असतात.

रावपुरा_कोडिंग

वडोदऱ्याबद्दलचे राहिलेच. अमेरिकेतील वंशाचे गट तिथल्या सरकारी मानकांनुसार, लोकांनी स्वतः सांगितलेल्या उत्तरांवर ठरतात. ती मानके 1997 ची होती आणि 2024 मध्ये बदलली. आपल्या जातींना त्या रकान्यांत बसवणे चूकच ठरेल. आपल्या 2011 च्या जनगणनेत अनुसूचित जाती आणि जमातींची संख्या वॉर्डनिहाय मिळते, तेव्हा सूत्र घ्या, आकडेमोड करा. मात्र कोड तोच लावू नका, नाहीतर उद्या ही फाइल उघडणारा तिला अमेरिकेच्या आकड्यांशी जोडून टाकील.

दांडियाबाजार_विद्यार्थिनी

काका, ताळा करून पाहिला, चारही वस्त्यांचे उत्तर जुळले. नोंदीसोबतच्या माहितीपत्रकात निर्देशांकाचे नाव आणि गट सापडले, वर्ष व एकक नाही. नोंद देणाऱ्यांकडे ते आजच लेखी मागितले आहे. तोवर तो स्तंभ रुग्णांच्या तक्त्यातून काढून शहराच्या वेगळ्या तक्त्यात ठेवला आहे.