मदत हवी आहे: आठ जणांसाठी नागपुरातलं बुटीक हॉटेल

सिव्हिल लाइन्स, रामदासपेठ किंवा वर्धा रोडकडचं, मोजक्या खोल्यांचं पण देखणं हॉटेल सुचवा. शनिवारचं रात्रीचं जेवण, तिघं शाकाहारी. सावजी नको, ते भोजनालयातच बरं! टेबल सलग हवं. दोन जोडली की मधे बसणाऱ्याचे गुडघे टेबलाच्या पायांना अडकतात. अंगण, गच्ची उजेडात पाहायचीय, म्हणून साडेपाचलाच पोचू. रिकामी खोली दाखवतात का, की आधी मॅनेजरला फोन करावा लागतो?

बिलाचंही सांगा. रोजचं खोलीभाडं ७,५०० रुपयांवर असलेल्या हॉटेलात जेवणावर १८ टक्के जीएसटी लागतो, एरवी साधारण ५. म्हणजे ८,००० च्या जेवणावर १,०४० चा फरक. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, पण सांगितल्यावर मुकाट काढतात कुठे?