डायमिथाइलइंडियम थायोफिनोलेट: न विरघळणारी पूड, आणि लांब येणारा इंडियम–कार्बन बंध

प्रश्न:
इंडियम ट्रायक्लोराइड आणि मिथाइललिथियमपासून इथरमध्ये बनवलेलं ट्रायमिथाइलइंडियम ०.१६० ग्रॅम, त्यात थायोफिनॉल ०.११० ग्रॅम. डायमिथाइलइंडियम थायोफिनोलेट बनवायला दोन्ही १ मिलिमोल धरून टोल्युइनमध्ये अभिक्रिया केली, शेवटी थोडं गरमही केलं. पांढरी पूड खाली बसली, ती बेन्झीनमध्ये विरघळत नाही. फिल्ट्रेटमधून −३० अंशांना स्फटिक आले, पण एक इंडियम–कार्बन बंध २.३ आंगस्ट्रॉम दाखवतो. नेमकं कुठे चुकतंय?

उत्तर १:
आधी वजन तपासा. इथरमधून आलेलं ट्रायमिथाइलइंडियम इथर धरून ठेवतं. एकास एक इथरेटचा (एका ट्रायमिथाइलइंडियमला एक इथर बांधलेलं) रेणुभार २३४, नुसत्या ट्रायमिथाइलइंडियमचा १६०. म्हणजे तुमच्या ०.१६० ग्रॅममध्ये इंडियम ०.६८ मिलिमोलच आहे आणि थायॉल (इथे थायोफिनॉल) जवळपास दीडपट पडलं. जास्तीचं थायॉल दुसऱ्या मिथाइलवर जातं, गरम केल्यावर तर हमखास. निर्वातात ठेवल्यावर इथर थोडं थोडं उडतं, त्यामुळे प्रमाण गृहीत धरू नका. प्रोटॉन एनएमआरमध्ये इंडियमवरच्या मिथाइलचे ९ प्रोटॉन आणि इथरच्या ऑक्सिजनशेजारचे ४, यांच्या इंटिग्रेशनवरून दर वेळी काढा.

थायॉल टोल्युइनमध्ये पातळ करून −७८ अंशांना थेंब थेंब सोडा, मग आपोआप खोलीच्या तापमानाला येऊ द्या. १ मिलिमोलमागे साधारण २४ मिलिलिटर मिथेन निघतो, फ्लास्क घट्ट बंद करू नका, वायूला बाहेर वाट ठेवा. आणि हे सगळं निष्क्रिय वायूच्या लाइनवरच: ट्रायमिथाइलइंडियम हवेत पेटतं.

उत्तर २:
वजन बरोबर घेतलं तरी पूड येऊ शकते, तिला लगेच अपयश समजू नका. फिनाइल गट लहान आहे. गंधक दोन इंडियमना जोडतो आणि साखळी वाढत जाते. पिरिडिनमध्ये ती विरघळेल, पण मग पिरिडिन इंडियमला बांधलं जातं आणि तुम्ही वेगळ्याच संयुगाची संरचना सोडवता. विरघळणारा डायमर (दोनच एककांचा रेणू) हवा असेल तर थायॉलच बदला: टर्शरी ब्युटाइल, किंवा गंधकाशेजारच्या दोन्ही (ऑर्थो) जागा भरलेला अॅरिल, म्हणजे बेन्झीन वलयाचा गट. तिथे दोन इंडियम आणि दोन गंधकांची चौकडी मिळते, इंडियम–गंधक बंध साधारण २.५५ ते २.६५ आंगस्ट्रॉम. शेजारच्या रेणूतला गंधक ३ ते ३.५ वर दिसला तर तोही मोजा. त्याच्या ओढीने कार्बन–इंडियम–कार्बन कोन उघडतो.

प्रश्नकर्ता:
इथर दर इंडियममागे ०.९ निघालं, आभार. मग त्या २.३ आंगस्ट्रॉमच्या बंधाचं काय?

उत्तर ३:
त्या कार्बनचा एलिप्सॉइड (संरचनेत अणूची थरथर दाखवणारा अंडाकार) बघा. शेजारच्या मिथाइलपेक्षा खूपच लहान असेल तर तिथे काही प्रमाणात क्लोरीन आहे. इंडियम–कार्बन २.१५च्या आसपास असतो, टोकाचा इंडियम–क्लोरीन २.३५ ते २.४५, मिश्रण मधला आकडा देतं. म्हणजे मिथाइललिथियम कमी पडलं आणि डायमिथाइलइंडियम क्लोराइड पुढे आलं. मिथाइललिथियम वापरण्याआधी टायट्रेट करून त्याची खरी तीव्रता काढा. तोवर त्या जागी कार्बन आणि क्लोरीनच्या ऑक्युपन्सींची (त्या जागेतल्या वाट्यांची) बेरीज १ धरून रिफाइन करा. मॉलिब्डेनमचे क्ष-किरण आणि शोषण दुरुस्ती (स्फटिकात शोषल्या गेलेल्या किरणांची भरपाई) हवीच. इंडियमपासून १ आंगस्ट्रॉमच्या आत उरलेली इलेक्ट्रॉन घनतेची शिखरं बहुधा शोषणाचीच असतात, तिथे अणू ठेवू नका.