विषय: ऑगस्टची कॅटमरान – गेब्रियल की इल ओ सेर? गुडघेवाल्यांनी उतरायचं कसं?

खजिनदार, विश्रामबाग

मंडळी, मॉरिशसच्या सहलीत कॅटमरानने, म्हणजे दोन होड्या जोडलेल्या बोटीने, एका बेटावर जायचंय. आगाऊ रक्कम शुक्रवारपर्यंत भरायची आहे आणि बेट अजून ठरत नाही. ३४ जण आहेत, त्यातल्या ९ जणांचे गुडघे बदललेत किंवा बदलायचेत. उत्तरेच्या ग्राँ बेहून गेब्रियल, की पूर्वेचं इल ओ सेर, एवढंच कळवा. दर माझ्याकडे आलेत, त्यावर आता चर्चा नको.

सहल समिती, सदरबझार, सातारा

गेल्या बैठकीत गेब्रियल ठरलंय. वस्ती नाही, पाणी काचेसारखं, समोरच्या फ्लॅट बेटावर १८५५ चं दीपगृह. बेट बदलायचं असेल तर आधी समितीकडे यावं, परस्पर लिस्टवर मतदान नको.

मॉरिशसहून, क्वात्र बोर्न

समितीचा मान राखून लिहितो. ऑगस्ट म्हणजे इथला हिवाळा आणि आग्नेयेचे व्यापारी वारे जोरात. गेब्रियलला जाताना प्रवाळाची भिंत ओलांडून खुल्या समुद्रात जावं लागतं. दीड-दोन तास लाट बाजूने लागते. कॅटमरान एकहोडीसारखी कलत नाही हे खरं, पण दोन होड्यांच्या मधल्या पोटाखाली लाट आपटते आणि हिसके बसतात. इल ओ सेर भिंतीच्या आत, उथळ पाण्यात आहे. वारा तिथेही असतो, लाट मात्र लहान.

निघायचं कुठून हेही बघा. आग्नेय किनाऱ्यावरच्या माहेबूरजवळून इल ओ सेरला निघणारी बोट जाताना वारा पाठीवर घेऊन जाते आणि परत येताना वाऱ्याच्या तोंडावर. दुपारी तीनला सगळे दमलेले, भिजलेले, आणि तासभर तोंडावर फवारा. बेटासमोरच्या त्रू दो दूस गावाहून निघालात तर हा त्रास बराच कमी. तुमचं हॉटेल बेल मारला आहे, तिथून त्रू दो दूस जवळच.

डॉक्टर, मिरज

बोट लागण्याबद्दल. अवोमिन ही मळमळीवरची गोळी निघण्याआधी एक-दोन तास घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. गुंगी येते, म्हणून दारूबरोबर नको. काचबिंदू किंवा प्रोस्टेट असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. बसायचं मागे, सुकाणूजवळ, नजर क्षितिजावर. पुढच्या जाळीवर फोटो छान येतात, पण सगळ्यात जास्त हेलकावा तिथेच. मळमळणाऱ्याला खाली केबिनमध्ये झोपवू नका, हमखास वाढते.

वहिनी, माधवनगर

मूळ प्रश्न उतरण्याचा होता.

क्वात्र बोर्न

हो वहिनी, त्यावरच येतो. कॅटमरान किनाऱ्याला टेकत नाही, नांगर टाकून उभी राहते. मागे दोन्ही होड्यांना पायऱ्या असतात, तिथून छोट्या रबरी बोटीत उतरायचं आणि ती वाळूपर्यंत नेते. पिशवी, काठी, चप्पल आधी खलाशाकडे द्यायची, दोन्ही हात मोकळे हवेत. खलाशाचा पंजा धरायचा नाही, मनगटाला मनगट धरायचं. ओला पंजा सुटतो. रबरी बोट लाटेवर वर आली की पाऊल टाकायचं, खाली जात असताना कधीच नाही. पाऊल बरोबर मध्ये, फुगीर कडेवर नाही, आणि लगेच बसायचं. मागच्याने ढकलायचं नाही, त्यानेच माणूस पडतो.

किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात पाय बाहेर टाकायचे, ते जमतं. खरी अडचण परतताना आहे. फुगीर कड गुडघ्याच्या वर येते आणि वाळू पायाखालून सरकते. बदललेला गुडघा तेवढा वाकत नाही. पाठ बोटीकडे करून कडेवर बसायचं, मग खलाशाने काखेत धरून आत वळवायचं. एकेकाला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढा वेळ कप्तानाकडून आधीच मागून घ्या. इथे भरती-ओहोटीचा फरक साधारण अर्धा मीटरच, त्यामुळे पाणी चढेल मग सोपं होईल अशी वाट बघून फायदा नाही.

सहल समिती, सातारा

मग त्या ९ जणांनी बोटीवरच थांबावं. जेवण तिथेच आहे.

वहिनी, माधवनगर

असं कसं म्हणता दादा? बेट बघायला जायचं आणि बेटावर पाय ठेवायचा नाही? त्रू दो दूसच्या धक्क्यावरून इल ओ सेरला साध्या बोटी जातात, दहा-पंधरा मिनिटांत, आणि तिकडेही धक्का आहे. ९ जण आणि सोबत ३ धडधाकट माणसं त्या बोटीने जाऊ द्या. बेटावर स्वच्छतागृह आहे, खायची सोय आहे. गेब्रियलवर हा मार्गच नाही.

निवृत्त मास्तर, वाई

गेब्रियलला कोणी गेलंच तर एवढं ध्यानात असू द्या. १८५६ साली कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवरच्या मजुरांना कॉलऱ्याच्या धास्तीने त्या बेटावर ठेवलं होतं, शेकडो माणसं तिथे दगावली. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, म्हणजे मजूर जिथे उतरवले जायचे तो धक्का, तरी कार्यक्रमात घ्या. १८३४ च्या २ नोव्हेंबरला पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, आले ती तारीख तिथे आजही पाळतात.

जेवण विभाग, गावभाग, सांगली

घाट नक्की घेऊ मास्तर. आता जेवणाचं, कारण ते खातं आमचं आहे. बोटीवर मागच्या कठड्याला एकच शेगडी असते, कोंबडी आणि मासे तिच्यावरच. शाकाहारी १९ आहेत. आधी शाकाहारी भाजायचं, तेही फॉइलवर, हे कप्तानाला लेखी कळवा. आयत्या वेळी सांगितलं तर कोशिंबीर आणि पाव हातात येतो. भडंग आम्ही नेऊ, पण लहान झाकणाच्या डब्यांतून. उघड्या ताटलीतलं वाऱ्याने समुद्रात जातं. ताजी फळं, रोपं, बियाणं इथून घेऊ नका, विमानतळावर काढून घेतील. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना तिकडे २०१६ पासून बंदी आहे, कापडी घ्या.

डॉक्टर, मिरज

भडंग परतीच्या वाटेवर द्या. जाताना तेल-लसूण नको. सकाळी इडली किंवा कोरडी पोळी, रिकामं पोटही नको.

क्वात्र बोर्न

दोन गोष्टी राहिल्या. साडी नको; ओला निऱ्यांचा घोळ पायरीत अडकतो. मागे पट्टा असलेले रबरी बूट घ्या, पाण्यात समुद्री साळू असतात, काटा तळव्यात मोडला की निघत नाही. आणि बोटीचा दिवस मुक्कामाच्या सुरुवातीला धरा. वारा वाढला तर कप्तान सकाळी फेरी रद्द करतो, मग दुसरा दिवस हाताशी हवा.

सहल समिती, सातारा

इल ओ सेरला समितीची मान्यता. ठरावात मात्र समितीने सुचवलं असं लिहा.

खजिनदार, विश्रामबाग

लिहितो. २२ कॅटमरानने, १२ धक्क्यावरून. त्या १२ मधले ३ धडधाकट कोण, ती नावं गुरुवारी रात्रीपर्यंत द्या. अजून एकही आलेलं नाही.